पठारावरचे खारे पाणी

हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे आणि बंगालच्या उपसागराचा जवळात जवळचा किनाराही तेथून अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही देशाच्या समुद्रविषयक आणि मत्स्यविषयक कारभारातील दोन महत्त्वाच्या संस्था याच शहरात आहेत. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, १९९९ मध्ये येथे स्थापन झाले. मासे कोठे सापडण्याची शक्यता आहे याची सूचना दोन्ही किनाऱ्यांवरील मच्छीमारांना हेच केंद्र देते आणि २००७ पासून त्सुनामीचा इशाराही येथूनच दिला जातो. २००६ मध्ये अस्तित्वात आलेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळाचे मुख्यालयही हैदराबादेतच असून त्याची इमारत चक्क माशाच्या आकाराची आहे. एवढे सगळे असताना या शहराला मोठे सार्वजनिक मत्स्यालय मात्र लाभलेले नाही, आणि हैदराबादच्या वृत्तपत्रांत मत्स्यालयाविषयी अलीकडे ज्या बातम्या येतात त्या बहुतेक याच उणिवेभोवती फिरतात.

या बातम्यांच्या केंद्रस्थानी कोतवालगुडा हे गाव आहे. हिमायतसागर जलाशयाजवळ, शहराच्या बाह्य वळणरस्त्यालगत हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाने इको पार्कचा प्रकल्प हाती घेतला आणि २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. पक्ष्यांसाठी जाळीने वेढलेले विस्तीर्ण उद्यान, फुलपाखरांची बाग आणि देशातील सर्वांत मोठे बोगदा-मत्स्यालय अशी त्याची जाहिरात झाली. बोगदा-मत्स्यालय म्हणजे प्रेक्षक पारदर्शक कमानीखालून चालत जातो आणि मासे त्याच्या डोक्यावरून पोहतात अशी रचना. सागरी जीवांच्या या नियोजित उद्यानाविरुद्ध २०२५ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत चित्रपटक्षेत्रातील काही मंडळी होती आणि मोकळ्या समुद्रातील जीवांना करमणुकीसाठी टाकीत कोंडू नये, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता.

आक्षेप नैतिक असला तरी जागेचा प्रश्न त्याहून जुना आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर पूर अडवण्यासाठी आणि शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर असे दोन जलाशय बांधण्यात आले. पहिला १९२० मध्ये आणि दुसरा १९२७ मध्ये पूर्ण झाला. या जलाशयांच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी उद्योग आणि मोठी बांधकामे होऊ नयेत, असा शासननिर्णय १९९६ मध्ये निघाला. तो क्रमांक १११ या नावाने प्रसिद्ध असून त्याभोवतीचा राजकीय वाद अद्याप विझलेला नाही. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याच्या टाक्या उभारायच्या असतील तर बोगद्याची लांबी किती, यापेक्षा ते पाणी कोठून येणार आणि वापरून झाल्यावर कोठे जाणार, हे विचारणे अधिक गरजेचे ठरते. बातम्यांत मात्र लांबीच आधी छापली जाते.

किनाऱ्यावरच्या मत्स्यालयाला हा प्रश्न तितकासा छळत नाही, कारण समुद्राचे पाणी खेचून, गाळून वापरण्याची सोय तेथे दाराशीच असते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले आणि पारशी दात्याच्या देणगीमुळे नावारूपास आलेले तारापोरवाला मत्स्यालय याच सोयीवर उभे राहिले. मद्रासच्या किनाऱ्यावर तर १९०९ मध्येच सागरी मत्स्यालय उघडले होते. पठारावर ही मुभा नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लाख लिटरची टाकी भरायची तर सुमारे ३५ टन क्षारमिश्रण गोड्या पाण्यात विरघळवावे लागते. स्वयंपाकातले मीठ टाकून हे काम भागत नाही, कारण सोडियम क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षारही ठरावीक प्रमाणात लागतात आणि कॅल्शियम कमी पडले तर प्रवाळाचा सांगाडा वाढत नाही. शिवाय नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते व क्लोरीन माशांचे कल्ले जाळते, त्यामुळे मीठ मिसळण्याआधी तो काढून टाकावा लागतो. या नळाच्या पाण्यात मराठी वाचकाच्या ओळखीची एक नदीही आहे: बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लातूर व बीदरमार्गे तेलंगणात शिरणारी मांजरा गेली कित्येक दशके हैदराबादची तहान भागवत आली आहे.

पाणी तयार झाले तरी त्यात लगेच मासे सोडता येत नाहीत. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत किंवा समुद्रात तो पसरून जातो, टाकीत मात्र साचतो आणि अत्यल्प प्रमाणातही विषारी ठरतो. त्यावर उपाय म्हणून टाकीला जोडलेल्या गाळणीत वाळू, खडे किंवा प्लास्टिकचे सच्छिद्र तुकडे भरतात आणि त्यांवर जिवाणूंची वस्ती वाढू देतात. यांपैकी एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करू शकतात. ही वस्ती स्थिरावायला अनेक आठवडे जातात, म्हणून एखाद्या मंत्र्याची वेळ मिळाली म्हणून घाईने उद्घाटन उरकलेल्या मत्स्यालयात पहिल्याच महिन्यात मासे मरू लागले तर त्यात नवल काही नसते. याशिवाय पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे यंत्र, रोगजंतू मारण्यासाठी ओझोन किंवा अतिनील किरण, आणि मे महिन्यात बाहेरचे तापमान चाळीस अंशांवर गेले तरी प्रवाळाच्या टाकीचे पाणी २५ अंशांच्या आसपास राखणारी शीतकरण यंत्रणा असा संसार काचेमागे अहोरात्र चालू असतो. तेथे विजेचा खोळंबा परवडत नाही. हवा मिसळणारे पंप बंद पडले तर गच्च भरलेल्या टाकीतील प्राणवायू थोड्याच तासांत संपू शकतो.

मळ काढला तरी नायट्रेट साठत जाते, म्हणून ठरावीक काळाने टाकीतले काही पाणी बदलावे लागते. दहा लाख लिटरच्या टाकीतील दहावा हिस्सा एकदा बदलला की एक लाख लिटर पाणी आणि त्याबरोबर साडेतीन टन क्षार बाहेर पडतात. ते समुद्रात सोडणे वेगळे आणि गोड्या पाण्याच्या जलाशयाजवळच्या जमिनीवर सोडणे वेगळे. हे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे तंत्र उपलब्ध आहे, पण ते महाग असते आणि तिकिटाच्या दरात उतरते. कोतवालगुड्याच्या प्रकल्पाविषयी जनतेपुढे जो आराखडा ठेवला जाईल त्यात या एका बाबीचा तपशील असणे, विक्रमी लांबीच्या घोषणेहून मोलाचे आहे.

बोगद्याचे आकर्षण खोटे नाही, पण त्याचा इतिहास फार जुना नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात केली टार्लटन या पाणबुड्याने १९८५ मध्ये वक्र अ‍ॅक्रिलिकचा बोगदा असलेले मत्स्यालय सुरू केले आणि जगभर या रचनेची लाट आली. ते उभारले होते वापरातून गेलेल्या सांडपाण्याच्या टाक्यांमध्ये. अ‍ॅक्रिलिक हे काचेपेक्षा हलके, जाड तुकड्यांतही पारदर्शक राहणारे आणि तापवून वाकवता येणारे प्लास्टिक असते. पाण्याची खोली दर मीटरमागे प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार टाकते, म्हणून कमानीची जाडी खोलीनुसार वाढवावी लागते. सपाट काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा प्रत्यक्षाहून जवळ भासतो, तर वक्र कमानीतून तोच मासा लहान दिसतो; त्यामुळे डोक्यावरून जाणारा शार्क मासा पाहून ‘एवढासाच?’ असे वाटले तर तो दोष शार्कचा नसतो.

तूर्त हैदराबादकरांना मासे पाहायचे असतील तर मीर आलम तलावालगतच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात जावे लागते, जेथे एक लहान मत्स्यालय आहे. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी लोकांसाठी खुले झालेले हे प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते. २ ते ८ ऑक्टोबर हा देशभर वन्यजीव सप्ताह म्हणून पाळला जातो आणि प्राणिसंग्रहालयाचा वर्धापनदिनही त्यातच येतो, त्यामुळे कुटुंबासह जाण्यासाठी हा आठवडा सोयीचा आहे. त्याशिवाय सुट्ट्यांच्या दिवसांत शहरातील मैदानांवर तात्पुरते ‘अंडरवॉटर टनेल’ही उभे राहतात. ज्या टाक्या काही आठवड्यांत उभ्या होतात आणि काही आठवड्यांत मोडल्या जातात, त्यांत जिवाणूंच्या गाळणीचे काय होत असेल, हा विचार तिकीट काढताना करायला हरकत नाही.

टाकीत कोण असावे, याला कायद्याची चौकट आहे. २००१ मध्ये सर्व समुद्रघोडे, कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि शार्क व पाकट यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या, त्यामुळे भारतीय समुद्रातून त्या पकडून विकणे गुन्हा ठरतो. डॉल्फिनचे खेळ दाखवणारी केंद्रे काढण्यास केंद्र सरकारने २०१३ मध्ये मनाई केली. कायद्याच्या कक्षेत न येणारी एक गोष्ट मात्र प्रेक्षकाला क्वचितच सांगितली जाते: शोभेचे गोड्या पाण्यातील बहुतेक मासे मत्स्यशेतीत पैदा होतात, तर समुद्रातील शोभेचे बहुतेक मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिशसारख्या मोजक्या जातींची पैदास भारतीय प्रयोगशाळांना साधली आहे आणि समुद्रापासून दूरच्या मत्स्यालयाने निदान त्यांच्यापासून सुरुवात करावी, अशी अपेक्षा गैर नाही.

खरे पाहता पठारावरच्या शहराला गोड्या पाण्याचे मत्स्यालय अधिक शोभेल. गोदावरी, भीमा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांतील माशांचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यांपैकी दख्खनचा महसीर आता धरणे आणि वाळूउपशामुळे पूर्वीसारखा आढळत नाही. तेलंगणाचा राज्यमासा मरळ हाही याच पाण्यातला. कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असल्यामुळे मरळ दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते आणि तिला वर येऊ दिले नाही तर पाण्यात प्राणवायू असूनही ती गुदमरते. पिल्ले लालसर रंगाच्या दाट थव्याने फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. हे दृश्य दाखवायला ना आयात मीठ लागते ना शीतकरण.

ही मरळच हैदराबादच्या सर्वांत मोठ्या मत्स्यसोहळ्याची नायिका आहे. मृग लागताच, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंबाकडून ‘चेप प्रसादम’ दिला जातो. दम्यावर उतारा म्हणून पिवळसर औषध तोंडात ठेवलेली मरळीची जिवंत बोटुकली गिळायला देशभरातून हजारो माणसे रांगा लावतात. मत्स्यव्यवसाय खाते बोटुकल्यांचा पुरवठा करते. या उपचाराचा गुण वैद्यकीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, आणि जिवंत मासा गिळताना लहान मुलांना धोका असतो, असे डॉक्टर बजावत आले आहेत. कोविडच्या खंडानंतर २०२३ मध्ये हा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. योगायोग असा की ८ जून हाच जागतिक महासागर दिनही आहे. त्या दिवशी मरळीच्या श्वसनाची एखादी टाकी आणि ‘इन्कॉइस’च्या प्रवाळ-विरंजनाच्या, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याच्या, इशाऱ्यांचा नकाशा शेजारी शेजारी मांडायला नवे मत्स्यालय पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही; नामपल्लीच्या रांगेतील पालकांना तासन्‌तास थांबायचेच असते.