लाल उधारी मॅक्रोला का दिसत नाही?

मागच्या व्हिडिओत आपण उधारीच्या शीटला कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं. 30 दिवस उलटले की रकमेचा सेल आपोआप लाल. आता साहजिकच पुढचा प्रश्न येतो, सगळ्या लाल रकमांची बेरीज किती?

माझ्या दुकानात मी यासाठी मॅक्रो लिहिला होता. उत्तर आलं 4,200. मी खूश! त्या जोरावर आणखी दोघांना उधार दिलं. महिनाअखेरीस होलसेलरचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हाताने बेरीज केली, तर थकलेली रक्कम 31,000 च्या वर. गल्ल्यात पैसे नाहीत आणि कॉम्प्युटर म्हणतो सगळं ठीक.

झालं असं की मॅक्रोत मी 'इंटिरिअर डॉट कलर' वापरलं होतं. ते फक्त आपण हाताने भरलेला रंग वाचतं. नियमाने आलेला रंग त्याच्या लेखी नसतोच. कधीतरी मी तीन सेल स्वतः लाल केले होते, नियमात निवडलेल्या लालनेच. मॅक्रोने तेवढेच तीन धरले. शून्य आलं असतं तर लगेच शंका आली असती हो, पण अर्धवट उत्तर खरं वाटतं.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. सेल आणि इंटिरिअर यांच्या मध्ये 'डिस्प्लेफॉरमॅट' टाका. मग स्क्रीनवर जो रंग दिसतोय तोच वाचला जातो. एक्सेल 2010 पासून ही सोय आहे. शुद्ध लालचा नंबर 255. पण तयार यादीतला फिकट लाल घेतला असेल तर 13551615, त्यामुळे आधी एका सेलचा नंबर मेसेज बॉक्समध्ये बघून घ्या.

एक अडचण मात्र आहे. याचं फंक्शन बनवून सेलमध्ये फॉर्म्युल्यासारखं लिहिलंत तर व्हॅल्यू एरर येते. डिस्प्लेफॉरमॅट तिथे चालत नाही, सब लिहून बटणावरच चालवावं लागतं. आणि नवीन एंट्री केली की बटण पुन्हा दाबायचं.

खरं सांगू? मी आता मॅक्रो वापरतच नाही. रंग ज्या अटीने येतो तीच अट सम-इफ्समध्ये घालतो: तारीख आजच्या 30 दिवसांआधीची, जमा रकाना रिकामा. बेरीज आपोआप बदलते. फक्त एकदाच बघायचं असेल तर फिल्टरमध्ये रंगाने गाळा, तिथे नियमाचा रंगही चालतो, आणि खाली सबटोटल 109 लावा.

तरीही मॅक्रोच हवा असेल तर फाइल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारात सेव्ह करा, नाहीतर कोड जातो. आणि हाताने भरलेले सगळे रंग आजच काढून टाका.