बेरीज फुगते कुठे?

एका ग्राहकाची तीन बिलं: ५००, ५०० आणि ७०० रुपयांची. त्याने दोनदा पैसे भरले, ६०० आणि ४००. येणं ७००. पण ग्राहक, बिलं आणि भरणा ही तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत जॉइन करून ‘ग्रुप बाय’ लावलं, की बिलं ३४०० आणि भरणा ३००० दिसतो. प्रत्येक बिलाची प्रत्येक भरण्याशी जोडी लागते, सहा ओळी होतात. बिलं दुप्पट, भरणा तिप्पट. एरर मात्र येत नाही, हीच पंचाईत.

आधी ‘ग्रुप बाय’ आणि ‘सम’ काढून एकाच ग्राहकाच्या कच्च्या ओळी डोळ्यांनी मोजा. ‘डिस्टिंक्ट’ची मलमपट्टी बरेच जण करतात. बिल क्रमांक मोजताना ती चालते. रकमांच्या बेरजेत मात्र ५०० ची दोन बिलं एकच धरली जातात आणि आकडा १२०० वर येतो! भरवशाचा उपाय म्हणजे बिलं आणि भरणा यांची बेरीज वेगवेगळ्या सबक्वेरीत करून मग ती ग्राहकाला लेफ्ट जॉइनने जोडायची. एकदाही पैसे न भरलेल्या ग्राहकापुढे ‘नल’ येतं, बाकीही ‘नल’च निघते, तिथे ‘कोअलेस’ने शून्य घाला.