आजोबांचा ले-ऑफ आणि नातवाचा

लालबागच्या आमच्या चाळीत एका संध्याकाळी बातमी फिरली, की तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा ‘ले-ऑफ’ झाला. पोरगा लोअर परळच्या एका कंपनीत. म्हणजे आजोबा गिरणीचा भोंगा वाजला की जिकडे धावत सुटायचे तिकडेच, फक्त आता काचेच्या इमारतीत. घरात सगळे हवालदिल, आजोबा मात्र शांत. “ले-ऑफच ना? मग घाबरतोस कशाला? मस्टरवर नाव आहे, अर्धा पगार मिळेल. काम आलं की बोलावतील परत.” नातू बघतच राहिला. “आबा, नाव काढलंय. लॅपटॉपसुद्धा परत घेतला.”

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आजोबांच्या काळच्या, १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ले-ऑफ हा तात्पुरता. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडलं किंवा तयार माल साचून राहिला, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचं नाव हजेरीपटावर असतं आणि त्याची छाटणी झालेली नसते. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला अशा दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद १९५३च्या दुरुस्तीने आली. बदली कामगाराला ती नाही. (कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही शब्द ‘बदली’च आहे. गिरणगावानेही इंग्रजीला काही दिलंय म्हणायचं.) नातवाचा ले-ऑफ आला अमेरिकेहून. तिथेही पूर्वी तो तात्पुरतं घरी बसवण्यालाच म्हणत. होता होता त्याचा अर्थ कायमचा नारळ देणं असा झाला. ‘ले’ तेच, ‘ऑफ’ तेच, पण एकाच घरातल्या दोन पिढ्यांना त्याचे दोन अर्थ ठाऊक.

क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन असं शेपूट लागलं की इंग्रजीत नवंच क्रियापद तयार होतं. त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट, असं डॉ. जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. नाव मात्र बरंच उशिरा मिळालं. लोगन पिअर्सल स्मिथने ते १९२५मध्ये छापलं, आणि सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीने.

आपल्याकडे पहिला गैरसमज असा, की अशा क्रियापदांची भाषा बोलण्यापुरती. अर्जात, निबंधात, कायद्यात ती शोभत नाही. म्हणून आपण ‘पोस्टपोन’ लिहितो, ‘पुट ऑफ’ लिहायला कचरतो. परळ-लालबागच्या माणसाने तरी यावर विश्वास ठेवू नये. लॉकआउट आणि ले-ऑफ या दोन शब्दांनी इथल्या चुली विझल्या, आणि दोन्ही कायद्याच्या व्याख्येत बसलेले शब्द आहेत. कंपनी गुंडाळण्याला कंपनी कायदा ‘वाइंडिंग अप’च म्हणतो. राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) मध्ये व्यवसाय-धंदा करण्याचा हक्क आहे, तिथे इंग्रजी मजकुरात क्रियापद आहे ‘कॅरी ऑन’. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष दादरच्या हिंदू कॉलनीत, ‘राजगृहा’त राहिलेले. त्यांना जे चाललं ते आपल्या अर्जाला चालायला हरकत नसावी. आणि मंत्रालयात फाइल ‘पुट अप’ केल्याशिवाय हलते का? काही जोड्या निव्वळ गप्पांतल्याच असतात, हे खरं. पण त्या शेपटामुळे हलक्या ठरत नाहीत. कुठली जोडी कुठे चालते, हे वापर ठरवतो.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो : मराठीत असलं काही नाही, म्हणून आपल्याला ते जमत नाही. खरं तर मराठी माणूस सकाळपासून हेच करत असतो. परीक्षा ‘पुढे ढकलली’ यात कुणी कशाला हात लावलेला नसतो. सुताराच्या आपण ‘मागे लागतो’, पण त्याच्या पाठीमागे धावत नाही. काम ‘हाती घेतो’, बोलणं ‘मनावर घेतो’, कर्ज ‘अंगावर येतं’. ढकलणे आणि पुढे या दोन्हींचे अर्थ कोशात बघून ‘पुढे ढकलणे’ कळेल का? ‘पुट ऑफ’चंही तसंच. त्यात आपल्याकडे क्रियापदाला क्रियापद जोडायची आणखी एक सोय आहे. ‘लाडू खा’ आणि ‘लाडू खाऊन टाक’ यांत जो फरक, साधारण तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये. ताटात काही उरता कामा नये! ‘यूज अप’, ‘ड्रिंक अप’, ‘फिनिश अप’ यांतलं ‘अप’ वर नेत नाही, काम शेवटाला नेतं. आपलं ‘टाकणे’ तरी काय टाकतं? ‘करून बसला’ मधला पश्चात्ताप मात्र इंग्रजीने कुठल्याही शेपटात आणून दाखवावा.

मग क्लासवाले तीन हजार जोड्यांचं पुस्तक हातात देतात ते कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा दहा कोटी शब्दांचा संग्रह आहे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी तो तपासून २००७मध्ये दाखवलं, की त्यातल्या अशा क्रियापदांच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून जास्त वापर अवघ्या शंभर जोड्यांचा आहे. पहिला नंबर ‘गो ऑन’चा. मेख एवढीच, की या शंभरातल्या प्रत्येकीला सरासरी पाचाहून जास्त अर्थ आहेत. ‘पिक अप’ म्हणजे उचलणं, न्यायला येणं, कानावर पडून शिकणं, मंदावलेला धंदा पुन्हा वाढणं. तेव्हा यादी पाठ करण्यापेक्षा या शंभर जोड्या पुनःपुन्हा वाचनात आणि कानावर येऊ द्याव्यात.

आता आपल्या खास चुका. ‘डिस्कस अबाउट’, ‘अँग्री ऑन मी’, ‘रीच्ड टू दादर’. लोक यांना अडाणीपणा म्हणतात. मला त्यात चोख मराठी दिसते. आपण विषया‘विषयी’ चर्चा करतो, माझ्या‘वर’ रागावतो, दादर‘ला’ पोहोचतो. हे शब्दयोगी आणि प्रत्यय इंग्रजीत पाहुणे म्हणून जातात, पण तिथे त्यांना जागा नसते : डिस्कस आणि रीच यांना शेपूट नको, आणि अँग्रीला ‘विथ’ हवं. ‘कोप अप विथ’ची गोष्ट वेगळी. ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीने ‘कोप’ही बिघडला. नुसतं ‘कोप विथ’ पुरतं. ‘पास आउट’ला मात्र उगाच हसू नये. पदवी घेऊन बाहेर पडणं या अर्थी ऐकून लंडनचा माणूस ‘बेशुद्ध पडला?’ असं विचारील. पण लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला ब्रिटनमध्येही हाच शब्द आहे, आणि खडकवासल्याच्या एनडीएत होते ती ‘पासिंग आउट परेड’च.

वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘ऑफ’ असा शब्द येऊ नये, हा नियमही सोडून द्या. १६७२मध्ये कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनवर तो आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातलीही तसली वाक्यं बदलली. इंग्रजी त्याच्या आधीपासून तशीच बोलली जात होती, आजही बोलली जाते.

खरा पाळण्याजोगा नियम एकच आहे, आणि तो शाळेत आपण मराठीत शिकलेलो असतो. ‘वर गेला’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण, ‘माळ्यावर गेला’ यातलं शब्दयोगी. इंग्रजीत दोन्ही दिसायला सारखेच. ‘टर्न ऑफ द फॅन’मधलं ‘ऑफ’ क्रियापदाचं आहे, म्हणून ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, आणि पंख्याऐवजी ‘इट’ आलं तर ते मध्येच बसायला हवं : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ आंबेडकर रोड’, म्हणजे आंबेडकर रस्त्यावरून आत वळा, यातलं ‘ऑफ’ रस्त्याचं. ते रस्त्याच्या मागे नेऊन ठेवता येत नाही. ‘लुक आफ्टर’चंही असंच, ‘लुक इट आफ्टर’ कुणी म्हणत नाही.

आजोबांना हे सांगताना पंखा आणि रस्ता पुरेना, तेव्हा त्यांच्याच ओळखीचं उदाहरण घेतलं. संप मागे घेणं : ‘कॉल ऑफ द स्ट्राइक’, ‘कॉल द स्ट्राइक ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’. त्यांनी तिन्ही म्हणून बघितली आणि गप्प झाले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला त्यांचा गिरणी संप आजतागायत कुणी अधिकृतपणे कॉल ऑफ केलेला नाही.