घड्याळ नेमकं कितीने चुकलंय? जँगोमधल्या वेळेच्या घोळाचं निदान

काही महिन्यांपूर्वी आमच्या प्रकल्पाच्या वेबसाइटवर एक अजब नोंद दिसली. रुग्णाचं रक्त काढलं दुपारी साडेतीनला आणि तो नमुना गोठवला त्याच दिवशी सकाळी अकराला! म्हणजे रक्त काढायच्या साडेचार तास आधीच ते फ्रीझरमध्ये जाऊन बसलं होतं.

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काम करते. नमुने गोळा करणारे सहकारी पुण्यात असतात. नोंदींसाठी मीच जँगोमध्ये एक छोटी वेबसाइट लिहिली होती. नियम साधा होता: रक्त काढल्यापासून दोन तासांत नमुना गोठवायचा. दोन वेळांची वजाबाकी करून अंतर दोन तासांपेक्षा जास्त आलं, तर प्रोग्राम तो नमुना बाद करायचा. पण उणे साडेचार हा आकडा दोनपेक्षा लहानच की! त्यामुळे खरोखर उशिरा गोठवलेले नमुनेही बिनबोभाट पास होत होते. अजून थोडे दिवस लक्ष गेलं नसतं, तर ते थेट आमच्या निष्कर्षांत शिरले असते.

तुम्ही जँगो वापरत असाल तर असा घोळ कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येईल. तेव्हा कोड बदलायला धावू नका. आधी चूक नेमकी किती तास-मिनिटांची आहे ते मोजा. बऱ्याचदा तो आकडाच रोगाचं नाव सांगतो.

आधी थोडा पाया

पायथॉनमध्ये वेळ दोन प्रकारची असते. 'नाइव्ह' वेळेला फक्त 'सकाळचे दहा' एवढंच ठाऊक असतं. कुठले दहा, पुण्याचे की बॉस्टनचे, ते ठाऊक नसतं. 'अवेअर' वेळेला आपला टाइमझोनही माहीत असतो. 'यूज टीझेड' ही सेटिंग चालू असली की जँगो आतमध्ये सगळ्या वेळा यूटीसीमध्ये धरतो आणि पानावर दाखवताना स्थानिक वेळेत बदलतो. जँगो ५.० पासून ही सेटिंग मुळातच चालू असते.

आकड्यावरून निदान

*साडेपाच तास मागे:* पुण्यात दहा वाजता केलेली नोंद साडेचारची दिसते. घाबरू नका, डेटा बहुधा ठीक आहे. नव्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'यूटीसी' लिहिलेला असतो, तो तसाच राहिलाय. तिथे 'एशिया/कोलकाता' लिहा. वापरणारे वेगवेगळ्या देशांत असतील, तर प्रत्येकासाठी 'टाइमझोन.ॲक्टिव्हेट' वापरा.

*साडेपाच तास पुढे:* हे गंभीर. कुणीतरी पुण्याची नाइव्ह वेळ पाठवली आणि जँगोने ती यूटीसी समजून साठवली. इथे डेटाच चुकलाय. आमचा रोग हाच होता.

*हिवाळ्यात साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा तास मागे:* सेटिंग्जमधून टाइमझोनची ओळच उडाली असेल. अशा वेळी जँगो 'अमेरिका/शिकागो' धरतो. जँगोचा जन्म कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात झाला आणि तिथलं घड्याळ शिकागोच्याच वेळेवर चालतं.

*तेवीस मिनिटं:* ही माझी आवडती! जुन्या कोडमध्ये 'पायटीझेड' लायब्ररीचा टाइमझोन थेट 'टीझेडइन्फो' म्हणून दिला, की ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ धरते: यूटीसीच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. आपली प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून २३ मिनिटांचा फरक. पायथॉन ३.९ पासून आलेली 'झोनइन्फो' वापरा, प्रश्न मिटेल.

*एक तास, तोही फक्त मार्च ते नोव्हेंबर:* कुणीतरी बॉस्टनसाठी 'उणे पाच तास' हाताने लिहून ठेवलेत. उन्हाळ्यात तिथे फरक चार तासांचा होतो. भारतात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे ही चूक आपल्या मंडळींच्या पटकन लक्षात येत नाही.

*सगळ्या नोंदींना एकच वेळ:* मॉडेलमध्ये 'डिफॉल्ट' म्हणून 'टाइमझोन.नाऊ' देताना पुढे कंस लावलाय. त्यामुळे ते फंक्शन सर्व्हर सुरू होताना एकदाच चाललं आणि तीच वेळ सगळ्यांना चिकटली. कंस काढा.

*फक्त पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात:* भारतात पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. 'डेट.टुडे' ऐवजी 'टाइमझोन.लोकलडेट' वापरा आणि टाइमझोनची सेटिंगही तपासा.

आम्ही काय केलं

गोठवण्याची वेळ सर्व्हर स्वतः नोंदवत होता, म्हणून ती बरोबर होती. रक्त काढल्याची वेळ मात्र फोनवरच्या ॲपमधून टाइमझोनशिवाय येत होती. नाइव्ह वेळ मिळाल्याचा इशारा जँगो टर्मिनलमध्ये देत होता. मी तो कित्येक आठवडे वाचलाच नाही! चूक पूर्णपणे माझी.

साडेपाच तास वजा करणारी एक ओळ कोडमध्ये घालायचा मोह तेव्हा झाला होता. तो टाळा. उद्या कुणी मूळ चूक दुरुस्त केली, की ही ओळ नवी चूक होऊन बसते. आम्ही आधी ॲपला वेळेसोबत टाइमझोन पाठवायला लावलं. मग डेटाबेसचा बॅकअप घेऊन फक्त त्या आधीच्या, फोनवरून आलेल्या नोंदी एकदाच दुरुस्त केल्या. पुण्यातल्या सहकाऱ्यांनी कागदी रजिस्टर काढून त्या ताडून पाहिल्या. दुरुस्तीनंतर उशीर झालेले नमुने उघडे पडले आणि ते आम्ही बाद केले. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

आता दोन गोष्टी कायमच्या केल्यात. चाचणी घेताना नाइव्ह वेळेचा इशारा आला, की पायथॉनच्या 'वॉर्निंग्ज' मॉड्यूलमुळे तो थेट एरर होतो आणि काम तिथेच थांबतं. आणि अंतर उणे आलं, तर प्रोग्राम ती नोंद स्वीकारतच नाही.

तुमच्याही प्रोजेक्टमध्ये आज एवढी एक तपासणी घालून पाहा: जी गोष्ट नंतर घडते, तिची वेळ खरंच नंतरची आहे ना?