पंधरा रापेन कुणाचे?
लेखमाला : फळांचा बाजार (भाग सहावा)

इक्वाडोरच्या बंदरातून निघालेली केळी युरोपात कशी पोहोचतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. घड हिरवा असतानाच कापायचा, फण्या धुऊन खोक्यांत भरायच्या, साधारण 13 अंशांवर समुद्रमार्गे न्यायच्या आणि तिकडे इथिलीन वायू देऊन पिकवायच्या. एवढा खटाटोप करूनही तिथल्या दुकानात केळं बरेचदा त्याच देशातल्या सफरचंदापेक्षा स्वस्त असतं.

हे परवडतं कसं, हा प्रश्न 1973 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्ड गावच्या काही गृहिणींनी उचलून धरला. मध्य अमेरिकेतल्या केळीमळ्यांवरचा पेटर फॉन गुंटेन यांचा ‘बनानेरा लिबर्टाड’ हा माहितीपट त्यांनी पाहिला होता. त्याच सुमारास ‘मिग्रो’ या बड्या दुकानसाखळीने केळ्यांचा भाव किलोमागे 15 रापेनने उतरवला. शंभर रापेनचा एक स्विस फ्रँक. उर्सुला ब्रुनर आणि त्यांच्या मैत्रिणींनी कंपनीलाच विचारलं, हे 15 रापेन आम्हाला कशाला देता, मळ्यातल्या मजुरांना का देत नाही? कंपनी बधली नाही. मग या बायका रस्त्यावर उतरल्या. जादा भावाने केळी विकायची आणि भाव जादा का, ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं, असा त्यांचा क्रम. लोक त्यांना ‘केळीवाल्या बायका’ म्हणू लागले. 1985 मध्ये अमेरिकेने निकाराग्वाशी व्यापार बंद केल्यावर त्यांनी तिथली केळी स्वित्झर्लंडमध्ये आणवली. आजच्या न्याय्य व्यापाराची पायवाट मला तरी या बायकांनी पाडलेली दिसते.

‘फेअरट्रेड’चा शिक्का असलेली केळी 1996 मध्ये नेदरलँड्समध्ये विकायला आली. व्यवस्था अशी : देशवार एक किमान भाव ठरतो आणि बाजार पडला तरी त्याखाली खरेदी करता येत नाही. शिवाय 18.14 किलोच्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर वेगळा मिळतो. तो कुठे खर्चायचा, हे शेतकऱ्यांची संस्था किंवा मजुरांची समिती ठरवते. बऱ्हाणपूरच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला किमान भावाचं मोल वेगळं सांगायला नको.

पण हिशेब केला, तर तो डॉलर किलोमागे जेमतेम साडेपाच सेंट पडतो. आणि शिक्का मिळाला म्हणून सगळा माल त्या भावाने उचलला जातोच असं नाही. उरलेला नेहमीच्या बाजारात, मिळेल त्या भावाने जातो. खरी मेख इथे आहे.

फवारणीचाही प्रश्न आहे. मैलोन्‌मैल केळीची एकच जात, कॅव्हेंडिश. त्यामुळे करपा झपाट्याने पसरतो आणि मोठ्या मळ्यांवर विमानातून बुरशीनाशक मारतात. ‘नेमागॉन’ या सूत्रकृमिनाशकामुळे पुरुषांना वंध्यत्व येतं, हे 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात उघड झालं. तरीही मध्य अमेरिकेतल्या मळ्यांत ते नंतरही वापरलं गेलं. त्याची झळ सोसलेले मजूर पुढे वर्षानुवर्षं न्यायालयांत खेटे घालत राहिले. स्वस्त केळ्याच्या भावात हा खर्च कधीच धरलेला नव्हता.

दूरवरून येतं म्हणून केळ्याला दोष देण्यात मात्र फारसा अर्थ नाही. जहाजाने येणाऱ्या किलोभर फळामागे होणारं प्रदूषण विमानाने येणाऱ्या फळाच्या मानाने कितीतरी कमी असतं.

मग गिऱ्हाइकाने काय करायचं? शिक्का पाहून घ्यावं, हे खरंच. पण माझ्या मते त्याहून मोठा फरक दुकानदार पाडतो. ब्रिटनमधल्या ‘सेन्सबरीज’ने 2007 मध्ये आपली सगळी केळी फेअरट्रेडची केली; ‘साधी घेऊ की न्याय्य?’ हा प्रश्नच तिथे उरला नाही. स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या केळ्यांपैकी निम्म्याहून जास्त आज या शिक्क्याची आहेत. त्यामागे केळीवाल्या बायकांची कित्येक वर्षांची चिकाटी आहे.

पुढच्या आठवड्यात : 2019 मध्ये कोलंबियात पोहोचलेला पनामा मर रोग आणि एकाच जातीवर विसंबलेला केळीबाजार.