हॉब्जची ‘निष्ठा’ : एक शब्दार्थविचार

टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) हा राजपक्षाचा, की जो जिंकेल त्याचा, हा प्रश्न त्याच्या हयातीतच उपस्थित झाला होता. १६४० च्या नोव्हेंबरात ‘लाँग पार्लमेंट’चे अधिवेशन सुरू होताच, राजसत्तेच्या समर्थनार्थ केलेले लेखन अंगाशी येईल या भयाने तो पॅरिसला गेला. तेथे त्याने परागंदा युवराजास गणित शिकविले. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर वर्षाच्या आतच हॉब्ज स्वदेशी परतून प्रजासत्ताकाच्या अमलाखाली राहू लागला. यास संधिसाधूपणा म्हणणे सोपे आहे. परंतु असा निर्णय देण्यापूर्वी शब्दार्थाचा विचार करणे इष्ट ठरेल.

आपण येथे ‘निष्ठा’ हा शब्द योजतो. हॉब्जच्या उपपत्तीचा मध्यवर्ती शब्द मात्र ‘बंधन’ हा आहे. निष्ठा व्यक्तीवर वा कुळावर असते. बंधन करारातून उत्पन्न होते व कराराचे प्रयोजन संपले की तेही संपते. शास्त्राचा आरंभ शब्दांच्या निश्चित व्याख्येपासून होतो, असे ‘लेव्हायथन’च्या भाषाविषयक चौथ्या प्रकरणात त्याने म्हटले आहे. तोच दंडक येथे लागू होतो. प्रजेने आज्ञा पाळावयाची ती संरक्षणासाठी. म्हणून सार्वभौम संरक्षण देऊ शकतो तोवरच बंधन. १६५० मध्ये प्रौढ पुरुषांकडून राजाविरहित राज्याशी प्रामाणिक राहण्याची शपथ मागितली जात होती. ती घ्यावी की नाही, हा पराभूत राजपक्षीयांपुढील बिकट प्रश्न होता. हॉब्जचे विवेचन या वादाच्या संदर्भात वाचले पाहिजे, हे क्वेंटिन स्किनर यांनी दाखवून दिले आहे.

खरा पालट झाला तो धर्मसत्तेविषयी. १६४२ च्या ‘दे सिव्हे’ या ग्रंथात धर्मग्रंथाचा अर्थ लावताना सार्वभौमाने रीतसर दीक्षित धर्मोपदेशकांचे साहाय्य घ्यावयाचे आहे. ‘लेव्हायथन’मध्ये सार्वभौम हाच सर्वश्रेष्ठ धर्मोपदेशक ठरतो. स्वतंत्र उपासकमंडळ्यांना लाभलेल्या मोकळिकीविषयीही तेथे अनुकूल उद्गार आहेत. यामुळे परागंदा दरबारातील धर्माधिकारी संतप्त झाले व हॉब्जला दरबार बंद झाला. १६६० मध्ये राजसत्ता पुनःस्थापित झाली, तिच्यामागोमाग बिशपही परतले. पुढे १६६८ च्या लॅटिन आवृत्तीत ते उद्गार गाळलेले आढळतात.

याहून बोलका पुरावा त्याच्या स्वसमर्थनात आहे. आपल्या ग्रंथाने सहस्रभर सभ्य गृहस्थांची मने तत्कालीन शासनाच्या आज्ञापालनाकडे वळविली, असा दावा त्याने १६५६ मध्ये केला. १६६२ मध्ये मात्र तोच ग्रंथ राजाच्या एकनिष्ठ सेवकांच्या कैवारासाठी लिहिला होता, असे त्याने प्रतिपादिले. सूत्र एकच, साक्षी दोन.

तेव्हा हॉब्जने सिद्धान्त बदलला असे म्हणता येत नाही, आणि तो अविचल राहिला असेही म्हणता येत नाही. मूळ अडचण सिद्धान्तातच आहे. संरक्षण संपले हे ठरवावयाचे कोणी? अखेर ज्याने त्याने. म्हणजे ज्या खाजगी निर्णयबुद्धीमुळे यादवी माजते असे हॉब्ज मानीत होता, तीच त्याच्या ‘बंधना’च्या मुळाशी शिल्लक राहते. त्याच्या मूळ संज्ञेसाठी मराठीत ‘राजनिष्ठा’ हा शब्द योजल्यास ही अडचण झाकली जाते. ‘बंधन’ म्हटल्याने ती निदान उघड दिसते.