सुरांची मेहमाननवाजी

कॉलेजच्या मुली देशोदेशीची गाणी घेऊन गावोगाव फिरतात. त्यांच्या शिदोरीत अरबी, मलय, तुर्की गाणीही असतात. परक्याचे गाणे ओठांवर घेताना अदब कसा राखायचा?

मलेशियाच्या केलांतान राज्यात 'दिकीर बारात' नावाचा गाण्याचा प्रकार आहे. माणसे ओळीने जमिनीवर मांडी घालून बसतात. एक जण पुढे होऊन गातो, बाकीचे झील ओढतात. बसल्या जागीच हात, खांदे आणि मान एका तालात हलतात, मधूनच सगळ्यांची टाळी पडते. यातला 'दिकीर' हा शब्द आपल्या ओळखीच्या 'जिक्र'चाच भाऊ. या प्रकारात गायले जाणारे 'वाउ बुलान' हे गाणे पतंगाचे आहे. अर्धचंद्रासारखी शेपटी असलेला मोठा पतंग म्हणजे वाउ बुलान, म्हणजेच चंद्रपतंग. मलय मुसलमानांच्या खेड्यापाड्यांतले हे गाणे आज कॅनडा-अमेरिकेतल्या मुलींचे गायनवृंद रंगमंचावर बसून, टाळ्या वाजवत गातात. मलेशियात जन्मलेल्या आणि कॅनडात काम करणाऱ्या ट्रेसी वाँग या संगीतदिग्दर्शिकेने ते वृंदासाठी बांधून दिले आहे.

एका खेड्यातले गाणे इतक्या दूर पोहोचते, तेव्हा ते तिथे मेहमान असते. यजमान त्याच्याशी कसे वागतो, यावर सगळे अवलंबून आहे. या लेखात आम्ही त्याच यजमानांची ओळख करून देणार आहोत.

मुलींचा वृंद आला कुठून?

ट्रेबल क्वायर म्हणजे फक्त उंच पट्टीच्या आवाजांचा वृंद. त्यात सोप्रानो हे वरचे आणि आल्टो हे खालचे, असे दोन आवाज असतात. पुष्कळदा दोन्हींचे आणखी दोन-दोन भाग पडतात आणि चार गट एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गातात. पूर्वी यांना सरळ 'महिला वृंद' म्हणत. अलीकडे आवाजाच्या पट्टीवरून नाव देण्याची पद्धत रूढ होत आहे.

अशा वृंदांच्या जन्मामागे शिक्षणाचा इतिहास आहे. अमेरिकेत हार्वर्डसारख्या नामवंत विद्यापीठाचे वर्ग एके काळी मुलींना बंद होते. म्हणून त्याच्या शेजारी रॅडक्लिफ हे मुलींचे वेगळे कॉलेज उभे राहिले. तिथे १८९९ मध्ये रॅडक्लिफ कोरल सोसायटी सुरू झाली. पुढे १९९९ मध्ये हे कॉलेज हार्वर्डमध्ये पूर्ण विलीन झाले, पण हा वृंद अजून गातो आहे. बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलींनी सुरू केलेले गाणे शंभर वर्षांहून जास्त टिकले. मुलींच्या शिक्षणासाठी झगडलेल्या आपल्यासारख्या समाजाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

या वृंदांपुढे एक अडचण मात्र होती. पाश्चात्त्य संगीतातल्या मोठ्या रचना बहुतेक स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदासाठी लिहिलेल्या होत्या. चर्चमधल्या कित्येक वृंदांत तर पुरुष आणि लहान मुलगेच गात. नुसत्या स्त्रियांच्या आवाजासाठी लिहिलेले संगीत त्या मानाने थोडे. मग नजर बाहेर वळली, आणि लक्षात आले की बायकांनी जमून गाणे हे जगभर मुरलेले आहे. कापणीला, दळणाला, लग्नाला, पाळण्याला बायका गातच आल्या आहेत. त्यांना कोणी 'क्वायर' म्हटले नव्हते, एवढेच.

शिदोरीत काय काय असते?

जपानचे 'होतारू कोई' हे काजव्यांना बोलावणारे लहान मुलांचे गाणे मुलींचे वृंद फार आवडीने गातात. एका गटाने ओळ सुरू केली की दुसरा गट किंचित मागून तीच ओळ उचलतो, मग तिसरा. ऐकणाऱ्याला अंधारात इथे-तिथे काजवे लुकलुकल्याचा भास होतो. वाद्य एकही नसते.

बल्गेरियाचे 'एर्गेन देदा' हे गाणे अगदी वेगळे. एक म्हातारा, बिनलग्नाचा गृहस्थ टोपी तिरकी करून गावच्या नाचात शिरतो आणि एक वगळता सगळ्या मुली पळ काढतात, अशी त्याची गंमत आहे. बल्गेरियन बायकांची गायकी मोकळ्या, खणखणीत गळ्याची. शेतात लांबवर हाक मारावी तसा आवाज. दोन सूर एकमेकांना इतके खेटून लावतात की घंटा वाजल्यासारखी थरथर उठते. तिथल्या रेडिओने १९५२ मध्ये खेड्यापाड्यांतल्या गायिका निवडून वृंद उभा केला. त्यांच्या आवाजाने पुढे साऱ्या जगाला वेड लावले.

हंगेरीच्या बेला बार्टोकने आयुष्यभर खेड्यांत फिरून लोकगीते टिपली. मुलांच्या आणि स्त्रियांच्या आवाजासाठी त्याने सत्तावीस छोटी वृंदगीते लिहिली, ती १९३५-३६ च्या सुमारास. त्याच १९३६ साली तो तुर्कस्तानात गेला आणि अदनाच्या परिसरात लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करत हिंडला. सोबत अहमद अदनान सायगुन हे तुर्की संगीतकार होते. याच सायगुन यांनी पुढे सूफी कवी युनूस एमरे यांच्या काव्यावर वृंद आणि वाद्यमेळासाठी भव्य रचना केली.

आपल्याकडूनही गाणी बाहेर गेली आहेत. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी गेल्या शतकात एक वृंद उभारला. त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो अनेक दशके सांभाळला आणि परदेशांतही नेला. परांजोती यांची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही भारतीय वळणाची रचना आज जगभरचे वृंद गातात.

दौऱ्याची शाळा

कॉलेजचे वृंद बहुधा सुट्टीत दौऱ्यावर निघतात. दिवसा बसचा प्रवास, दुपारी नव्या सभागृहात आवाजाचा अंदाज घेणे, संध्याकाळी कार्यक्रम. रात्री पुष्कळदा मुक्काम गावातल्याच कुटुंबांकडे असतो. मध्येच एखाद्या शाळेत जाऊन तिथल्या मुलांबरोबर गायचे. आठवडाभर हेच.

एकाच कार्यक्रमात सहा-सात भाषा असतात, आणि खरी मेहनत तिथेच असते. 'होतारू कोई' हलक्या, पातळ आवाजात गायचे आणि त्यापाठोपाठ बल्गेरियन गाण्यासाठी गळा पूर्ण मोकळा करायचा, हे सोपे नाही. अरबी गाण्यात तर 'ऐन' आणि 'हे' हे हलकातून येणारे हर्फ इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना सर्वस्वी नवे असतात. 'क़ाफ' आणि 'काफ' यांतला फरक चुकला तर 'क़ल्ब' म्हणजे काळीज राहात नाही, त्याचा 'कल्ब' म्हणजे कुत्रा होतो. आपल्या मुलांना मकतबमध्ये मखरज घटवून घेतात त्याचे कारण हेच. एका हर्फासाठी विसाव्या वर्षीची मुलगी पुन्हा पुन्हा जीभ आणि घसा वळवते, तेव्हा ती गाण्याइतकीच त्या भाषेची इज्जत करत असते.

आता पैशाची बाजू. छापील रचना वृंदाने विकत घ्यावी लागते आणि त्यातून बांधणी करणाऱ्याला मानधन पोहोचते. ते रास्तच आहे. पण मूळ लोकगीताला मालक नसतो. ज्या खेड्याने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्याच्या हाती दमडी पडत नाही. मग त्या खेड्याचे निदान नाव तरी घेणे, गाणे कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, हे श्रोत्यांना सांगणे, एवढे देणे उरतेच. चांगले वृंद हे आवर्जून करतात. ज्यांना ती भाषा येते त्यांना तालमीला बोलावतात, कार्यपत्रिकेत अर्थ छापतात. काही वृंद मात्र गाण्याला नुसता रंगीत पोशाख चढवतात आणि 'परदेशी गंमत' म्हणून उरकून टाकतात. याच मुद्द्यावर पाश्चात्त्य गायनवृंदांत आज मोठी चर्चा चालू आहे.

आपले शब्द, त्यांचे ओठ

ही चर्चा आपल्या दारापर्यंत येते, कारण त्या शिदोरीत आपली गाणीही आहेत. श्याम बेनेगल यांच्या नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यावरील चित्रपटात ए. आर. रहमान यांचे 'जिक्र' हे गाणे आहे. अमेरिकेतील वृंदसंचालक इथन स्पेरी यांनी ते वृंदासाठी बांधले आणि तिथल्या कॉलेजांत ते गायले जाऊ लागले. भारतात जन्मलेले आणि बोस्टन विद्यापीठात शिकवणारे आंद्रे दे क्वाद्रोस यांनी तर मुस्लिम जगातल्या वृंदसंगीताची 'सलामु अलैकुम' नावाची मालिकाच संपादित केली. त्यांनी आणि शिरीन अबू-खादर यांनी मिळून बांधलेले 'अदीनु' हे गीत इब्न अरबींच्या शब्दांवर आहे.

अल्लाहचे नाव रंगमंचावर, ते नाव इबादत म्हणून न घेणाऱ्यांच्या तोंडी, आणि शेवटी टाळ्या! आपल्यापैकी काहींना याचा आनंद होईल. आपल्याविषयी भीती पसरवली जाते अशा काळात कुणी आपले शब्द प्रेमाने उच्चारतो आहे, असे त्यांना वाटेल. काहींना अवघडल्यासारखे होईल. जिक्र ही दिलाची गोष्ट, तिचा जलसा कसा, असे ते विचारतील. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत आणि आम्ही कोणत्याही एकीला खोटे ठरवणार नाही. मुळात संगीताबद्दल, मुलींनी लोकांसमोर गाण्याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्यावर फैसला देणे हे या लेखाचे काम नाही.

पण कुणी आपले गाणे घेऊन उभा राहिला तर त्याच्याकडून काय मागायचे, हे आपण ठरवू शकतो. शब्दांचा अर्थ त्याने समजून घेतला का? उच्चारांवर मेहनत केली का? इबादतीच्या शब्दांत आणि करमणुकीच्या गाण्यात त्याने फरक केला का? ज्यांचे गाणे, त्यांच्यापैकी कुणाला विचारले का? याची उत्तरे 'हो' असतील तर तो आपला चांगला यजमान. नसतील तर सभागृह कितीही भरलेले असो, मेहमानाची बेअदबी झाली.

हाच तराजू आपल्यालाही

जगात सर्वात जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी इंडोनेशिया एक आहे. तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे वृंद असतात, ते युरोपातल्या स्पर्धांनाही जातात. त्यांत हिजाब घातलेल्या मुली असतात. त्या लॅटिन भाषेतली चर्चची गीते गातात, बालीच्या हिंदूंची गाणी गातात, पापुआचे म्हणून ओळखले जाणारे 'यामको राम्बे यामको' गातात. तिथे यजमान आपल्या मुली असतात आणि मेहमान दुसऱ्याची श्रद्धा. आपल्या जिक्रसाठी आपण जो अदब मागतो, तोच त्या गीतांना मिळायला हवा. शब्द आपल्या अकीद्याचे नसले तरी ते कुणाच्या तरी काळजातले आहेत, हे लक्षात ठेवून गाणे, आणि एखादे गीत गाणे मनाला पटत नसेल तर ते नम्रपणे सांगणे, या दोन्ही गोष्टी अदबातच बसतात. आपल्या शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांतही हा प्रश्न येतो. मुलीला तेव्हा काय सांगायचे, याचा विचार घरात आधीच झालेला बरा.

आपल्या घरची शिदोरी

जपानी काजवा, बल्गेरियन म्हातारा, मलय पतंग हे सगळे जगप्रवासाला निघाले. आमच्या मनात येते, आपले काय निघाले? आदिलशाहीच्या काळात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी बोलीत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' रचले गेले. बायका दळताना, सूत कातताना ते म्हणत. जात्याच्या फिरण्याबरोबर अल्लाहचे नाव आणि पीराची शिकवण घराघरांत पोहोचत असे. मराठवाड्यात लग्नघरी ढोलकीवर गायली जाणारी दखनी गीते, कोकणात मेंदी-हळदीला बायकांनी जमून म्हटलेली कोकणी गाणी, हेही सगळे स्त्रियांचे वृंदगानच आहे. एक ओळ मोठी चाची उचलणार, बाकीच्या झील धरणार. मग जाते गेले, गिरणी आली. आता लग्नात स्पीकर आला. ही गाणी येणाऱ्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात मोजक्याच उरल्या आहेत.

बार्टोकने केले ते काम आज आपल्या खिशातल्या मोबाईलवर होते. नानीजवळ, फुफीजवळ बसावे, त्यांची परवानगी घ्यावी आणि गाणे रेकॉर्ड करावे. शब्द वहीत उतरवावेत. सोबत गाणारीचे नाव, गाव, गाणे कोणत्या प्रसंगाचे, अवघड शब्दाचा अर्थ काय, एवढे जरूर लिहावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे काम अंगावर घेतले तर तिला एका सुट्टीत वहीभर गाणी मिळतील. ती रंगमंचावर गायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण उद्या कुणी दूरदेशीचा वृंद विचारत आला की तुमच्याकडच्या बायका काय गात होत्या, तर त्याच्या हाती द्यायला आपल्याजवळ काहीतरी असले पाहिजे. त्यासाठी येत्या सुट्टीत नानीकडे जाताना सोबत एक कोरी वही न्यावी.